खान्देशातील हवामान आणि शेती

खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. ब्रिटिशांनी १९०६ मध्ये त्याची पूर्व आणि पश्चिम खान्देश अशी वाटणी केली होती. उत्तरेला सातपुडा, पश्चिमेला सह्याद्री, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, अशी या प्रदेशाची बैठक आहे. आभाळातून किती पाऊस पडला याहून जमिनीत किती ओल टिकली यावर इथले पीक जास्त ठरते.

नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री ओलांडताना बरेचसे रिते होतात. नवापूरकडे वर्षाला १००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर धुळे, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा हा पट्टा पर्जन्यछायेत येतो आणि धुळ्याच्या आसपास ही सरासरी ५५० ते ६०० मिलिमीटरपर्यंत खाली येते. पुढे जळगावकडे ती पुन्हा ७०० च्या आसपास जाते. मात्र सरासरीवर विसंबून खान्देशात कोणी पेरत नाही. मृगात पेरणी साधली तरी जुलैत पावसाचा खंड पडला की दुबार पेरणी माथी येते. उडीद आणि मूग लवकर हाती येतात, पण नेमके काढणीच्या दिवसांत झड लागली तर शेंगेतच कोंब फुटतात.

या अनिश्चिततेला जुन्या शेतीने दिलेले उत्तर म्हणजे दादर, म्हणजे इथली रब्बी ज्वारी. तापीकाठच्या गाळाची काळी जमीन अनेक ठिकाणी अतिशय खोल आहे. पावसाळाभर ती पड ठेवून पाणी मुरवायचे आणि पावसाळा सरता सरता ज्वारी पेरायची. पुढे एकही पाणी न देता हे पीक जमिनीतल्या ओलीवर आणि हिवाळ्याच्या दवावर पोसते. चोपडा, अमळनेर, शिंदखेडा, शहादा या भागांत दादर अजून पिकते. तिची भाकरी गोड आणि कडबाही कसदार असतो. क्षेत्र घटले असले तरी या हवामानाला इतके नेमके बसणारे दुसरे पीक खान्देशात नाही.

जमीन हलकी आणि नदी जवळ, अशा ठिकाणी फड पद्धत उभी राहिली. पांझरा, मोसम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी शेतात आणले जाई. गावचे लाभक्षेत्र फडांत विभागलेले असे आणि एका फडात सगळे एकच पीक घेत. नदीला पाणी किती आहे हे पाहून त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे गाव ठरवी. पाटकरी पाणी वाटे, जागल्या पिकाची राखण करी. काही शतके चाललेली ही व्यवस्था वरच्या अंगाला झालेल्या धरणांमुळे आणि विहिरींमुळे क्षीण झाली. तुटीचे पाणी गावाने एकत्र बसून वाटण्याची ती रीत आजही अभ्यासण्यासारखी आहे.

रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतली केळी मात्र भूजलावर उभी आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड पट्टा आहे. डोंगरातून उतरणारे नाले तिथे मुरतात आणि खालच्या विहिरींना पाणी देतात. उपसा वाढत गेला तसे विहिरी आटल्या, कूपनलिका खोल गेल्या. केळीला पाट सोडून ठिबक आले त्यामागे हेही एक मोठे कारण आहे. तापीचे पुराचे पाणी याच पट्ट्यात मुरवण्याच्या महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी २०२५ मध्ये करार केला.

केळीची खरी परीक्षा तापमान घेते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जातो. सखल दरी, समुद्रापासूनचे अंतर, कोरडे वारे आणि निरभ्र आकाश यांचा तो एकत्रित परिणाम आहे. उन्हाच्या झळांनी पाने करपतात, घडाचा दांडा मोडतो, कोवळी रोपे कोमेजतात. हिवाळ्यात उलट स्थिती असते. किमान तापमान १० अंशांखाली गेले की पाने पिवळी पडतात, घड बाहेर पडताना अडकतो आणि फळ फुगत नाही. थंडीच्या या माऱ्याला शेतकरी चरका म्हणतात. जून-जुलैतला मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला कांदेबाग हे लागवडीचे दोन हंगाम आहेत. घड नेमका कडाक्याच्या थंडीत किंवा वैशाखात निसवू (बाहेर पडू) नये, अशा बेताने शेतकरी लागवडीची वेळ साधू पाहतो. वळवाच्या वादळात उभे बाग आडवे होतात, म्हणून बांधावर शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ लावतात. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कापसाचे दुखणे वेगळे आहे. पाण्याची सोय असलेले शेतकरी मेच्या अखेरीस ठिबकवर पूर्वहंगामी लागवड करतात. त्यामुळे वेचणी लवकर सुरू होते, पण गुलाबी बोंडअळीला लवकर खाद्य मिळते. फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखली, तर अळीचा जीवनक्रम तुटतच नाही. कोरडवाहू कपाशीला ऑगस्टचा खंड फुलपातीच्या वेळी मारतो आणि परतीचा पाऊस लांबला की खालच्या कैऱ्या (हिरवी बोंडे) सडतात.

वाळवणावर चालणारे व्यवसाय पावसाच्या एका सरीनेही कोलमडतात. नंदुरबारच्या पथारींवर (मिरची वाळवण्याच्या मोकळ्या मैदानांवर) पसरलेली लाल मिरची अवकाळी पावसात भिजली की काळी पडते. धडगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबे उन्हाळ्यात कैरीचे आमचूर वाळवतात, त्यांचाही माल वळवाने असाच नासतो. डोंगरावर पाऊस भरपूर होतो, पण उतारावरची पातळ माती तो धरून ठेवत नाही.

केळीसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. त्यातील तापमानाचा निकष महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. हिवाळ्याच्या रात्री थंड हवा नदीनाल्यांच्या सखल भागात साचते, त्यामुळे उंचावरच्या केंद्रात निकषाइतकी थंडी नोंदली गेली नाही तरी खालच्या बागेत चरका बसलेला असू शकतो. अशा बागेचे नुकसान केंद्राच्या आकड्यात दिसत नाही.