उपकथानक (इटालियन-अमेरिकन कादंबरीतील)

मुख्य कथानकाच्या आश्रयाने चालणारे, पण काही काळ स्वतःच्या वाटेने जाणारे कथासूत्र म्हणजे उपकथानक. अमेरिकेत वसलेल्या इटालियन कुटुंबांवरील कादंबऱ्यांत अशी सूत्रे फार आढळतात. त्यांतली काही प्रकरणे मूळ कादंबरीची की मागाहून चिकटवलेली, हा वाद या शाखेत वारंवार निघतो. मारिओ पुझो यांच्या ‘द गॉडफादर’ (१९६९) या कादंबरीमुळे तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला, परंतु तिच्या बराच आधीपासून तो अस्तित्वात होता.

*संज्ञा व निकष :* संस्कृत नाट्यशास्त्रात कथावस्तूचे आधिकारिक (मुख्य) व प्रासंगिक असे दोन भेद केलेले आहेत. ‘प्रासंगिक’ हा शब्द येथे आजच्या रूढ अर्थाने घ्यावयाचा नाही. मुख्य फलाच्या, म्हणजे कथेत अखेर जे साधावयाचे त्याच्या, प्रसंगाने आलेले, एवढाच त्याचा अर्थ. धनंजयाच्या ‘दशरूपका’त (सु. दहावे शतक) प्रासंगिकाचे पुन्हा दोन प्रकार सांगितले आहेत : दूरवर चालणारी ती पताका आणि एखाद्या प्रदेशापुरती येणारी ती प्रकरी. रामकथेतील सुग्रीवाचा वृत्तांत हे पताकेचे नेहमीचे उदाहरण. सुग्रीवाला स्वतःचे राज्य व पत्नी परत हवी असते, म्हणजे त्याचा हेतू स्वतंत्र असतो. पण तो साधताना रामाचेही काम पुढे सरकते. शबरीचा प्रसंग प्रकरीत मोडतो.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त प्रसंगामागून प्रसंग नुसते येत राहणारे, संभाव्यतेचा वा अनिवार्यतेचा दुवा नसलेले कथानक सर्वांत निकृष्ट ठरविले. नायक एक असला म्हणून कथानक एकसंध होत नाही, हेही त्याने त्याच ग्रंथात सांगितले आहे. सोळाव्या शतकातील इटलीत आरिओस्तोच्या ‘ओर्लांदो फुरिओसो’ या काव्यावर जो वाद झाला तो याच मुद्द्यावर होता. अनेक नायक व अनेक सूत्रे असलेल्या ‘रोमान्झो’ प्रकाराला महाकाव्याचा नियम लावू नये, अशी बाजू जिराल्दी चिंत्सिओ याने १५५४ मध्ये मांडली. अमेरिकेतील इटालियनांच्या कादंबऱ्यांना धनंजयाचा निकष ॲरिस्टॉटलच्या निकषापेक्षा अधिक लागू पडतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण त्यांत फल बहुधा एका व्यक्तीचे नसून घराचे असते.

इटालियन गद्यातील पूर्वोदाहरण मान्झोनी या कादंबरीकाराच्या ‘इ प्रोमेस्सी स्पोझी’ या कादंबरीचे आहे. ‘फेर्मो ए लुचिआ’ या तिच्या पहिल्या खर्ड्यात (१८२१–२३) मोन्झाच्या जोगिणीची कथा बरीच विस्तृत होती. पुढील रूपात तिला मोठी कात्री लागली. मिलानमधील प्लेगच्या वेळी रोग पसरविल्याच्या आरोपावरून चाललेल्या खटल्याचा भाग त्याने कादंबरीतून पूर्णपणे वेगळा काढला आणि १८४०–४२ च्या आवृत्तीला ‘स्तोरिआ देल्ला कोलोन्ना इन्फामे’ या नावाने जोडला. म्हणजे तो भाग आतही नाही आणि अगदी बाहेरही नाही.

*प्रारंभ :* १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सु. ४० लाख इटालियन अमेरिकेत गेले. त्यांपैकी बहुसंख्य दक्षिण इटलीतील व सिसिलीतील होते. स्थलांतरावर निर्बंध घालणाऱ्या १९२४ च्या कायद्याने हा ओघ जवळजवळ थांबविला. या समाजावरील पहिली कथाकृती कोणती याबद्दल एकमत नाही. लुइजी दोनातो व्हेंतुरा याची ‘पेप्पिनो’ (१८८५) ही सामान्यतः पहिली मानली जाते. मात्र ती प्रथम फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाली व तिचा आकार दीर्घकथेचा आहे. त्यामुळे तिला कादंबरी म्हणावे की नाही, हा प्रश्न उरतोच. बेर्नार्दिनो चाम्बेल्ली याच्या ‘मलबेरी स्ट्रीटची रहस्ये’ (१८९३) या इटालियन कृतीला अग्रमान देण्याचे कारण तिची लांबी व तिचा स्थलांतरित वाचकवर्ग. तिचा साचा यूजेन स्यू या फ्रेंच लेखकाच्या पॅरिसवरील रहस्यकादंबरीचा आहे आणि वर्तमानपत्रातून क्रमशः येणाऱ्या कादंबरीच्या साच्यात आगंतुक प्रकरण असा भेदच संभवत नाही. अंक भरावयाचा म्हणजे नवे सूत्र आणावयाचे. प्रारंभ चाम्बेल्लीपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

*दी दोनातो :* या प्रश्नाचे सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे पिएत्रो दी दोनातो (१९११–९२) यांची ‘क्राइस्ट इन काँक्रीट’. त्यांचे वडील जेरेमिओ हे आब्रुझो प्रांतातील व्हास्तो गावाहून आलेले गवंडी. १९२३ च्या गुड फ्रायडेला बांधकाम कोसळून ते मरण पावले आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाला थापी हाती घ्यावी लागली. त्या मृत्यूवर त्यांनी लिहिलेली कथा ‘एस्क्वायर’ मासिकाच्या मार्च १९३७ च्या अंकात आली. ती गाजल्यावर तिची कादंबरी झाली व १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. मूळ कथा पहिल्या भागात आहे. पुढे ‘जॉब’, ‘टेनेमेंट’, ‘फिएस्ता’ आणि ‘आनुन्झिआता’ असे चार भाग येतात.

मूळ कथा स्वयंपूर्ण आहे. ओल्या काँक्रीटमध्ये जेरेमिओ गाडला जातो तेथे ती संपते आणि तिला पुढे काही हवे आहे असे वाचताना वाटत नाही. साहजिकच नंतरचे चारही भाग एका अर्थाने आगंतुक ठरतात. त्यांतही दोन ठिकाणे विशेष खटकणारी : मृत पित्याचा निरोप मिळावा म्हणून आई व मुलगा पॉल एका अपंग माध्यम-स्त्रीकडे जातात तो प्रसंग, आणि पाय गमावलेल्या लुइजी मामाच्या लग्नाची लांबलचक मेजवानी. मेजवानीत कथानक पुढे जात नाही. माणसे खातात, पितात, गातात, एकमेकांची टर उडवितात. परंतु ज्यांचे देह बांधकामावर झिजतात व तुटतात, तेच देह येथे एकदाच पोटभर जेवताना दिसतात. हा भाग काढल्यास पुढे पॉलचा धर्मपिता नाझोने परांचीवरून कोसळतो तेव्हा काय गेले ते कळणार नाही. मेजवानी हे गवंड्यांच्या कामाचेच प्रकरण आहे, फक्त सुटीच्या दिवसाचे. माध्यम-स्त्रीचा प्रसंग मात्र प्रकरीच्या मर्यादेत राहत नाही. दिलाशासाठी एक भेट पुरे होती.

*पुझो :* ‘द गॉडफादर’चे नऊ भाग आहेत. पहिल्या भागात मुलगी कोन्नीच्या लग्नात माफिया कुटुंबाचा प्रमुख डॉन कोर्लिओने याच्याकडे अर्जदार येतात : अंत्यविधीचा व्यवसाय करणारा बोनासेरा, बेकरीवाला नाझोरिने आणि डॉनचा धर्मपुत्र, गायक जॉनी फोंटेन. दुसरा भाग कथानक ऐन रंगात असताना न्यूयॉर्क सोडून जॉनीबरोबर लॉस एंजेलिसला जातो. तिथे त्याचा हरपत चाललेला आवाज, घटस्फोट, चित्रपटनिर्मिती आणि बालमित्र निनो व्हालेंतीचे दारूत बुडणे एवढेच चालते. तिसरा भाग डॉनच्या तरुणपणाकडे वळतो. पुढे डॉनचा थोरला मुलगा सॉन्नी याच्या मृत्यूनंतर त्याची प्रेयसी लुसी मान्चिनी लास व्हेगासला राहते. तिथे डॉक्टर ज्यूल्स सीगल, त्यांचे प्रेमप्रकरण व तिच्यावरील शस्त्रक्रिया यांना पानेच्या पाने दिलेली आहेत.

ही प्रकरणे कादंबरीत हवीत का, या प्रश्नाचे एक उत्तर चित्रपटाने दिले. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी कादंबरीची पाने सुटी करून मोठ्या कागदांवर डकविली व समासात टिपणे केली. ही वही २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७२ च्या चित्रपटात लुसीचे व्हेगास-सूत्र नाही आणि जॉनी अगदी थोडा उरला आहे. डॉनच्या तरुणपणाचा भाग तेव्हा गाळला गेला, पण १९७४ च्या दुसऱ्या चित्रपटाचा अर्धा डोलारा त्याच्यावरच उभा राहिला. १९७७ च्या दूरचित्रवाणी रूपात प्रसंगांची मांडणी कालक्रमाने केली गेली. अर्थात चित्रपटात न बसलेले ते कादंबरीतही आगंतुक, हा युक्तिवाद टिकत नाही. तीन तासांचे बंधन कादंबरीवर नसते.

जॉनीचा भाग पताका म्हणून मान्य करता येतो. डॉनची सत्ता उपकारावर चालते. उपकार घेतलेला माणूस पुढे कसा जगतो, त्याच्यावर ऋण कसे चढते, हे दाखविणारे एवढे विस्तृत चित्र कादंबरीत दुसरे नाही. निनो हा त्या चित्राचाच उतरता भाग. लुसीच्या सूत्राला हा आधार नाही. कुटुंब पुढे नेव्हाडाकडे वळते, म्हणून व्हेगासची ओळख आधी करून दिली, एवढेच समर्थन संभवते आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची गरज नव्हती. पुझो यांनी १९७२ मधील आपल्या आत्मपर निबंधात, ही कादंबरी अधिक चांगली लिहावयास हवी होती, असे मान्य केले आहे. डोक्यावर २०,००० डॉलरचे कर्ज होते हेही त्यांनी तेथेच सांगितले. खपासाठी घातलेला मसाला, ही टीका मुख्यतः लुसीच्या प्रकरणांना लागू होते.

त्यांची आवडती कृती होती ‘द फॉर्च्युनेट पिल्ग्रिम’ (१९६५). तिच्यात लुचिआ सांता ही आई केंद्रस्थानी आहे. थोरला मुलगा लॅरी बेकरीवाल्यांकडून संघटनेची वर्गणी वसूल करू लागतो ते सूत्र गुन्हेगारी जगाचे असूनही खटकत नाही, कारण त्याची कमाई शेवटी आईच्या स्वयंपाकघरात येते.

*इतर :* हेलन बारोलिनी यांच्या ‘उंबेर्तिना’ (१९७९) या कादंबरीत पणजी, नात व पणती यांना एकेक भाग दिला आहे. मधला, मार्गरीटचा भाग बराचसा इटलीतील सुशिक्षित वर्तुळात घडतो व स्थलांतरितांच्या कादंबरीत तो परका वाटतो. उंबेर्तिनाने न्यूयॉर्कमध्ये नाइलाजाने विकलेली विणलेली चादर पणतीला एका संग्रहालयात दिसते, पण ती आपल्याच घरची हे तिला कळत नाही. तिन्ही भागांतला दुवा वाचकालाच ठाऊक राहतो. जॉन फँटे यांच्या ‘वेट अंटिल स्प्रिंग, बांदिनी’मध्ये (१९३८) हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, एक हिवाळा आणि एक घर, यापलीकडे ती कादंबरी क्वचितच जाते.

रोझ बाझिले ग्रीन यांचा १९७४ चा ग्रंथ या कादंबऱ्या दोन संस्कृतींच्या संपर्काचा दस्तऐवज म्हणून वाचतो. त्यामुळे रचनेचा विचार त्यात मागे पडतो. फ्रेड गार्दाफे यांनी १९९६ मध्ये इटालियन तत्त्वज्ञ व्हिको याने मांडलेल्या इतिहासाच्या तीन युगांची चौकट वापरून कथनाच्या वाढीचा आलेख मांडला. रचनेच्या प्रश्नाला ती अधिक उपयोगी आहे.