एका युनिटात किती ऊब? घरासाठी विजेचा हीटर निवडताना

हीटरच्या खोक्यावर ‘वीज वाचवणारा’, ‘नव्या तंत्रज्ञानाचा’ असं काहीही छापलेलं असो, तो १,५०० वॅटचा असेल तर तासाभरात दीड युनिट वीज घेणार आणि दीड युनिट उष्णताच देणार. त्याच्या पाव किमतीचा साधा तारेचा हीटरही तेवढीच देतो. तारेतून वीज वाहिली की निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि तारेच्या रोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स प्रेस्कॉट ज्यूलने १८४१ साली दाखवून दिलं. आत नायक्रोमची तार असो, सिरॅमिकच्या चकत्या असोत की तेलात बुडवलेली कॉइल असो, शिरलेली सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पंख्याच्या मोटरची वीज आणि लालभडक उजेडही अखेर खोलीतच जिरतात. साधा हीटर, अगदी स्वस्तातलाही, १०० टक्के कार्यक्षम असतो. म्हणून दोन हीटर शेजारी ठेवून ‘यातला जास्त कार्यक्षम कुठला’ हे विचारण्यात वेळ घालवू नये. ती ऊब खोलीत किती टिकते आणि अंगापर्यंत पोचते का, यावर बिल ठरतं.

याला अपवाद एकच, बाहेरची उष्णता आत ओढून आणणाऱ्या हीट पंपाचा. त्याआधी खोलीचा हिशेब मांडू.

खोली किती गळते

समजा खोली ४ मीटर बाय ३ मीटर आहे, उंची ३ मीटर. बाहेर ८ अंश सेल्सिअस, आत २० हवेत, म्हणजे फरक १२ अंशांचा. ४ मीटर लांबीची एकच भिंत बाहेरच्या बाजूला आहे आणि तिच्यात २ चौरस मीटरची, एकेरी काचेची खिडकी. वर मोकळी गच्ची. बाकीच्या भिंतींपलीकडे आणि खाली उबदार खोल्या आहेत असं धरू.

दोन्हीकडून प्लास्टर केलेल्या, २३० मिलिमीटर जाडीच्या विटांच्या भिंतीतून दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे साधारण २ वॅट निसटतात. खिडकी वगळून उरलेल्या १० चौरस मीटर भिंतीतून २४० वॅट गेले. एकेरी काचेसाठी हाच आकडा ५.५ च्या आसपास असतो, म्हणून एवढीशी खिडकीसुद्धा १३२ वॅट नेते. स्लॅबसाठी ३ धरले तर १२ चौरस मीटरमधून ४३२ वॅट. राहिली हवा. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला ०.३३ वॅट-तास लागतात. फटींमधून दर तासाला खोलीभर हवा एकदा बदलत असेल, तर ३६ घनमीटर गुणिले ०.३३ गुणिले १२, म्हणजे आणखी १४३ वॅट. एकूण बेरीज ९५० वॅटच्या जवळ जाते.

यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या छताचा आहे. वरच्या मजल्यावर उबदार घर असतं, तर हीच खोली ५१५ वॅटमध्ये भागली असती. एकाच इमारतीतल्या दोन घरांत एकच हीटर वेगळा ‘चालतो’ तो यामुळे. स्लॅबवर ५० मिलिमीटर जाडीचा फोमचा थर घातला तर छताचे ४३२ वॅट ९० पर्यंत उतरतात आणि उन्हाळ्यातही तो थर कामाला येतो. चौरस फुटांवरून वॅट सांगणारी कोष्टकं छताचा आणि फटींचा विचारच करत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये.

हीटर लावल्यावर लगेच उबदार का वाटत नाही, याचंही उत्तर याच आकड्यांत आहे. खोलीतली सगळी हवा जेमतेम ४३ किलो भरते. ती १२ अंशांनी तापवायला ०.१५ युनिटही पुरेल, म्हणजे १,५०० वॅटच्या हीटरला सहा मिनिटं. प्रत्यक्षात अर्धा-पाऊण तास जातो, कारण थंडगार भिंती, फरशी आणि कपाटं ती ऊब शोषत राहतात. म्हणून ९५० वॅटची गळती असलेल्या खोलीला १,००० वॅटचा हीटर तोकडा पडतो, १,५०० वॅटचा घ्यावा. साध्या हीटरचे वॅट थोडे जास्त असले म्हणून बिल वाढत नाही, कारण खोली तापली की थर्मोस्टॅट त्याला बंद ठेवतो. थर्मोस्टॅट नसलेला हीटर मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी दीर्घ वापरासाठी घेऊ नये. थर्मोस्टॅटचा खटका शेवटापर्यंत फिरवल्याने खोली लवकर तापते हाही गैरसमज आहे. वेग वॅटवर ठरतो. खटका फक्त थांबायचं कुठे ते ठरवतो. आपल्या खोलीत २० ऐवजी १९ अंशांवर थांबलं तर फरक १२ चा ११ होतो आणि खर्च बारा हिश्श्यांतला एक हिस्सा उतरतो.

फटी बुजवण्याइतकं स्वस्त काम दुसरं नाही. ९० सेंटिमीटर रुंदीच्या दाराखाली १ सेंटिमीटरची फट असली तर तिचं क्षेत्रफळ सुमारे १०.७ सेंटिमीटर व्यासाच्या भोकाएवढं होतं. भिंतीला असं भोक असतं तर पहिल्याच दिवशी बोळा कोंबला असता! दाराच्या खालच्या कडेला ब्रशची पट्टी आणि चौकटींना चिकटणारी फोमची किंवा रबरी पट्टी लावावी. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक आणि वायरिंगची उघडी नळीही बुजवावी. गळती शोधायला एग्झॉस्ट फॅन चालू करून पेटती उदबत्ती चौकटींच्या कडेने फिरवावी. धूर जिथे वळेल तिथे फट आहे. घरात गॅसची शेगडी, गॅस गीझर किंवा कोळसा जळत असेल तर मात्र ती खोली बंदिस्त करू नये. तिथे हवा खेळती हवीच, नाहीतर वास-रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

अंग तापवायचं की हवा?

आपल्याला जाणवणारी ऊब हवेच्या तापमानावर निम्मीच अवलंबून असते. उरलेली निम्मी आजूबाजूच्या पृष्ठभागांच्या तापमानावर ठरते. हवा २० अंशांची असूनही थंड भिंतीला पाठ करून बसलं की हुडहुडी भरते, कारण शरीर त्या भिंतीकडे उष्णता फेकत असतं. क्वार्ट्ज, हॅलोजन किंवा कार्बन नळीचा लाल दिसणारा हीटर याच्या उलट काम करतो. त्याचे किरण हवेला फारसं न तापवता थेट अंगावर पडतात. उंच छताच्या, दार सतत उघडणाऱ्या खोलीत किंवा एका जागी बसून तासभर काम करायचं असेल तर तोच बरा. त्याच्यासमोरून उठलं की ऊब संपते आणि पाठ गारच राहते, हा त्याचा दोष.

पंखा असलेला ब्लोअर लहान, बंद खोली दहा मिनिटांत सुसह्य करतो, पण आवाज करतो आणि बंद केल्यावर मागे काही उरत नाही. या गटातला सिरॅमिक म्हणजे पीटीसी हीटर सुरक्षिततेसाठी चांगला. त्याच्या चकत्या बेरियम टायटनेटच्या असतात. ठरावीक तापमानापलीकडे त्यांचा रोध झपाट्याने वाढतो आणि वीज आपोआप आटते. पुढ्यात कपडा पडून हवा कोंडली तर तारेसारखा तो लाल होत नाही.

ऑइल हीटर तापायला वीस ते तीस मिनिटं घेतो, मग शांतपणे तासन्‌तास चालतो आणि बंद केल्यावरही काही वेळ गरम राहतो. झोपायच्या खोलीला हा योग्य. त्यातलं तेल जळत नाही, भरावं लागत नाही. ९ पाती, ११ पाती, १३ पाती हा खेळ बराचसा दिखाऊ आहे. पाती जास्त असली की पृष्ठभाग थोडा कमी चटका देतो, पण उष्णता वॅटएवढीच मिळते.

झोपेपुरतीच ऊब हवी असेल तर खोली कशाला तापवायची? विजेचं ब्लँकेट साधारण १०० वॅट घेतं, आठ तासांत ०.८ युनिट. वर मोजलेली खोली तेवढाच वेळ २० अंशांवर ठेवायला साडेसात युनिटं लागतात. लहान बाळ, हालचाल न करू शकणारी किंवा पायांची संवेदना गेलेली व्यक्ती असेल तर मात्र ब्लँकेट वापरू नये, चटका बसलेला कळत नाही.

‘ऑइल हीटर हवा कोरडी करत नाही’ हे विक्रेत्यांचं आवडतं वाक्य. कुठलाच विजेचा हीटर हवेतली वाफ काढून घेत नाही आणि ऑक्सिजनही जाळत नाही. पण ८ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता ३७ टक्क्यांवर येते, मग ती कशानेही तापवलेली असो. घसा कोरडा पडतो तो त्यामुळे. फटी बुजवल्या की बाहेरची हवा कमी येते आणि हा त्रासही घटतो.

हीट पंप: एका युनिटात तीन

हीट पंप उष्णता निर्माण करण्याऐवजी बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून आत आणतो. ५ अंशांची हवा आपल्याला गार वाटते, पण उणे १० अंशांच्या नळीच्या तुलनेत ती गरमच असते. बाहेरच्या नळीत कमी दाबाखालचा द्रव या हवेच्या उष्णतेवर उकळतो, कंप्रेसर ती वाफ दाबून गरम करतो आणि आतल्या कॉइलमध्ये ती पुन्हा द्रव होताना उष्णता सोडते. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्विन, याने १८५२ सालीच ही कल्पना मांडली होती. दिशा बदलणारा व्हॉल्व्ह असलेला इन्व्हर्टर एसी हेच काम करतो.

बाहेरची कॉइल ० अंशांवर आणि आतली ४५ अंशांवर असेल तर सिद्धांताने एका युनिटमागे सुमारे ७ युनिट उष्णता मिळू शकते. घर्षण आणि इतर तोटे जाऊन प्रत्यक्षात त्याच्या निम्मी, तीन ते साडेतीन, हाती येते. बाहेर जितकी जास्त थंडी, तितकी तापमानाची चढण मोठी आणि हे गुणोत्तर कमी. कडाक्याच्या थंडीत ते २ पर्यंत घसरतं, तेव्हाही साध्या हीटरच्या दुप्पट असतं.

घेताना माहितीपत्रकात गरम करण्याची क्षमता आणि त्यासाठी लागणारी वीज हे दोन्ही आकडे पाहावेत. ३,६०० वॅट उष्णता आणि १,००० वॅट वीज असेल तर गुणोत्तर ३.६. दोन्ही आकडे सारखेच असतील तर आत साधी कॉइल बसवलेली आहे, त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. हे आकडे सहसा बाहेर ७ अंश असतानाचे असतात, म्हणून तुमच्याकडे थंडी जास्त असेल तर उणे ७ अंशांचाही आकडा मागावा. एससीओपी हा याच गुणोत्तराचा पूर्ण हंगामाचा सरासरी आकडा. एचएसपीएफ हा तसाच, पण वेगळ्या मापातला हंगामी आकडा दिला असेल तर त्याला ३.४ ने भागलं की तुलना करता येते. फक्त गारव्यासाठीच्या तारांकनावरून गरम करण्याबद्दल काहीच कळत नाही.

दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो. तो वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, आतला पंखा थांबतो आणि बाहेर वाफ दिसते. हा बिघाड नव्हे. बाहेरच्या युनिटखालची पाणी जाण्याची भोकं मात्र मोकळी ठेवावीत. गरम हवा वर चढते, त्यामुळे आतली झडप खाली वळवावी. फिल्टर दोन आठवड्यांनी धुवावा. गरजेच्या दुप्पट क्षमतेचा हीट पंप घेणं चुकीचंच, कारण तो सारखा चालू-बंद होतो आणि सर्वांत किफायतशीर असलेल्या मंद गतीवर कधी स्थिरावतच नाही.

पैसे वसूल होतात का? खोलीला हंगामात सरासरी ६०० वॅट, रोज आठ तास, ९० दिवस लागत असतील तर साधा हीटर ४३२ युनिटं खातो आणि तीनच्या गुणोत्तराचा हीट पंप १४४. वाचलेल्या २८८ युनिटांना आपल्या दराने गुणावं आणि जादा किंमत त्याने भागावी, किती वर्षं लागतील ते कळतं. पण वर्षातले वीसच दिवस, रोज दोन तास, एक किलोवॅट लागत असेल तर सगळी वीजच ४० युनिटं. तिथे साधा हीटर आणि दाराची पट्टी पुरे. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर हा प्रश्न सुटतो, कारण गरम-गार दोन्ही करणारं मॉडेल घ्यायला थोडेच जास्त लागतात.

प्लग तापतोय का?

२,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, तोही तासन्‌तास. दिव्या-पंख्यांसाठीच्या छोट्या पॉइंटला हा भार झेपत नाही. त्याला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, चांगलं अर्थिंग आणि स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा खटका) हवा. बाथरूमजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा खटका) असल्याशिवाय हीटर लावू नये. एक्स्टेन्शन बोर्ड टाळावा. अगदीच लागला तर त्याची वायर पूर्ण उलगडावी, गुंडाळीत ती स्वतःच्याच उष्णतेने वितळू शकते.

संध्याकाळी हीटर मंद वाटतो, त्यात बरेचदा त्याचा दोष नसतो. दाब २३० वरून २०० व्होल्टवर उतरला तर २,००० वॅटचा हीटर १,५१२ वॅटचाच उरतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आगी हीटरमुळेच नव्हे, त्याच्या सैल जोडणीमुळेही लागतात. सॉकेटच्या ढिल्या पकडीत अर्ध्या ओहमचा रोध आला तरी ८.७ अँपिअरला तिथे ३८ वॅट उष्णता होते, सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लास्टिकच्या पोटात. म्हणून नवा हीटर पूर्ण क्षमतेवर अर्धा तास चालवून बंद करावा, मग प्लग काढून त्याच्या पिनांजवळचं प्लास्टिक हाताला कसं लागतं ते पाहावं. कोमट असेल तर ठीक. हात टेकवत नसेल, प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा माशासारखा वास येत असेल, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट बदलून घ्यावा आणि त्याच्या मागची वायर कितपत करपली आहे तेही बघायला सांगावं.