बोल्ट किती आवळावा : टॉर्क पान्याची पार्श्वभूमी

काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीची क्लच प्लेट दुसऱ्यांदा बदलताना गिअरबॉक्सचा एक बोल्ट सोडवला, तेव्हा त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चंदेरी कीस गुंडाळलेला निघाला. आधीच्या गॅरेजात कोणीतरी पान्याला पाइप लावून तो आवळला होता. पुण्याच्या नाना पेठेतून हेलिकॉइल, म्हणजे खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, आणून नवे आटे बसवावे लागले.

मनगटाच्या अंदाजाने बोल्ट आवळण्याची ही सवय फार जुनी आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये 55 अंशांचा प्रमाणित आटा सुचवला आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसू लागला. पण तो किती आवळायचा, हे कारागिराच्या हातावरच राहिले. पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार यांना दिले जाते. जमिनीखालच्या नळांचे जोड वाजवीपेक्षा जास्त आवळले जाऊ नयेत, म्हणून 1918 मध्ये त्यांनी तो तयार केला. म्हणजे हे साधन जन्मले तेच जास्तीच्या जोराला आवर घालण्यासाठी, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

कारण आवळलेला बोल्ट हा ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो आणि जोडाला धरून ठेवतो तो हा ताण. आपण लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे 40 टक्के आट्यांच्या घर्षणात खर्ची पडतो. ताण देण्यासाठी जेमतेम 10 टक्के उरतो. तेलाने घर्षण घटते, म्हणूनच कोरड्या बोल्टसाठी दिलेला टॉर्कचा आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला, तर तो कितीतरी जास्त ताणला जातो.

पिंपरीत 1966 पासून टेल्कोचा (आताच्या टाटा मोटर्सचा) कारखाना उभा राहिला, तरी गल्लीतल्या गॅरेजांत काम हातावरच चालत राहिले. 1983 मध्ये मारुती 800 आणि 1998 मध्ये पुण्यात बनलेली इंडिका आली, तसा पुढच्या चाकांना ओढ देणारा, इंजिनाशेजारी आडवा बसवलेला गिअरबॉक्स इथल्या मिस्त्रींच्या रोजच्या कामाचा झाला. ॲल्युमिनियमच्या कवचात पोलादी बोल्ट, त्यात जागा अडचणीची. तिथे अंदाज चुकला की पोलाद टिकते आणि कवचातले आटे जातात. गिअरबॉक्स हाताने पूर्ण टेकण्याआधीच बोल्टने ओढून बसवणे तर त्याहून घातक, कारण त्यात कवचाला तडा जाऊ शकतो.

क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट लहान, बहुधा 8 मिलिमीटरचे, आणि त्यांना साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर (टॉर्कचे एकक) पुरतात. मात्र आतली बशीसारखी डायफ्रॅम स्प्रिंग प्लेटच्या कव्हरला सतत मागे रेटत असल्याने समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे, फेरीफेरीने आवळावे लागतात. एकच बाजू आधी बसवली, तर कव्हर वाकते आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलताना थरथरते. अंतिम आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा.

पान्यालाही जपावे लागते. काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवला नाही, तर आतली स्प्रिंग दबलेली राहते आणि पुढे ठरवलेला जोर गाठल्यावर होणारा ‘टक्’ आवाज चुकीच्या जोरावर येऊ लागतो.