नववा लागला की झोप कुठे जाते

रात्रीचे अडीच वाजलेत, पंखा फुल स्पीडवर आहे, घरातले सगळे गाढ झोपलेत आणि नववा लागलेली बाई पलंगाच्या कडेला बसून विचार करतेय की आत्ताच उठून बाथरूमला जावं का अजून पाच मिनिटं कळ काढावी. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी कऱ्हाडला गेले तेव्हा शेवटचे पाच आठवडे असेच काढले. सकाळी उठून काहीही सांगितलं, जळजळ झाली, पोटरीत गोळा आला, झोप लागली नाही, की आई, मावशी, शेजारच्या काकू सगळ्यांचं उत्तर एकच, "होतंच गं असं."

आणि बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, म्हणजे खरंच होतंच. पण का होतं हे कोणी सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय दुसरी गोष्ट पण कळत नाही, की यातलं कुठलं "होतंच असं" म्हणून सोडून द्यायचं आणि कुठल्यासाठी रात्री अडीचला पण नवऱ्याला नाहीतर वडलांना उठवायचं. मला हे सगळं तेव्हा कोणीतरी सोप्या भाषेत सांगायला हवं होतं असं फार वाटतं, म्हणून लिहितेय.

आधी पोटात काय चाललंय ते बघा. एरवी गर्भपिशवीचं वजन ६०-७० ग्रॅम असतं, म्हणजे एखाद्या मोठ्या लिंबाएवढं. दिवस भरत येतात तेव्हा नुसती पिशवी, बाळ-पाणी-वार सोडून, साधारण एक किलोची झालेली असते. अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं आणि त्यातलं मिनिटाला अर्धा ते पाऊण लिटर एकट्या पिशवीकडे जात असतं. एवढा सगळा कारभार बरगड्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत कोंबून बसवलाय म्हटल्यावर बाकीच्या अवयवांना अंग चोरूनच राहावं लागणार ना.

मूत्राशय दाबलं जातं हे आपल्याला माहीत असतंच, पण रात्रीच जास्त का जावं लागतं याचं कारण वेगळंय. दिवसभर उभं राहून, पाय लोंबकळत ठेवून बसून पायात पाणी साठतं, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो तो त्याच्यामुळेच. रात्री आपण आडवे झालो की ते पाणी पुन्हा रक्तात येतं आणि किडन्या ते गाळायला लागतात. म्हणून संध्याकाळी तासभर पाय उशीवर वर घेऊन पडलं तर त्यातलं बरंचसं काम झोपायच्या आधीच उरकतं. मला याचा खूप फायदा झाला. पाणी पिणं कमी करणं हा मात्र उपाय नाही, त्यानं उलट लघवीच्या इन्फेक्शनला आमंत्रण मिळतं.

जळजळीचं पण तसंच. अन्ननलिका आणि जठर यांच्या मध्ये स्नायूची एक झडप असते, प्रोजेस्टेरॉन हार्मोनमुळे ती सैल पडते (हेच हार्मोन पिशवीला शांत ठेवतं म्हणून ते लागतंच) आणि खालून पिशवी जठराला वर ढकलत असते, मग आडवं झालं की ॲसिड घशाशी. आमच्याकडे म्हणतात की जळजळ होतेय म्हणजे बाळाला जावळ भरपूर. मला वाटायचं हे आपलं काहीतरी बायकांचं बोलणं. पण २००६ मध्ये अमेरिकेत ६४ गरोदर बायकांचा एक अभ्यास झाला, संशोधकांना हा समज खोटा ठरवायचा होता, आणि झालं उलटंच. ज्यांना मध्यम किंवा जास्त जळजळ होती अशा २८ जणींपैकी २३ जणींच्या बाळांना जावळ बऱ्यापैकी किंवा भरपूर होतं, आणि अजिबात जळजळ नसलेल्या १२ जणींपैकी १० जणींच्या बाळांना कमी किंवा जवळजवळ नाहीच. बाळाच्या केसांच्या वाढीवर परिणाम करणारी हार्मोन्स आणि ती झडप सैल करणारी हार्मोन्स एकच असतील असा त्यांचा अंदाज. अभ्यास छोटाच आहे त्यामुळे त्यावरून पैज लावू नका, पण आजीला एकदा सांगा, तिला बरं वाटेल.

झोपायचं कसं? कुशीवर. हे सगळे सांगतात पण कारण माहीत असलेलं बरं. पाठीच्या कण्याच्या उजव्या अंगानं एक मोठी नीला जाते, शरीराच्या खालच्या भागातलं सगळं रक्त तिच्यातूनच हृदयाकडे परत येतं. उताणं झोपलं की भरलेली पिशवी तिच्यावर पडते, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, मग काहींना गरगरतं, घाम फुटतो, आणि वारेकडे जाणारं रक्त पण कमी होतं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन इथल्या अभ्यासांमध्ये २८ आठवड्यांनंतर उताणं झोपणं आणि बाळ पोटातच दगावणं यांचा संबंध दिसलाय. डावी कूस का उजवी यात फारसा फरक त्यांना दिसला नाही, दोन्ही चालतात. आणि मध्येच जाग आली तेव्हा आपण उताणे आहोत असं दिसलं तर घाबरून जायचं नाही, नुसतं वळायचं आणि परत झोपायचं. मी दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी आणि पाठीला एक जुनी गोधडी गुंडाळून लावायचे, वेगळी महागडी उशी काही लागत नाही.

आता जिथे "होतंच असं" चालत नाही तिकडे येते.

पायाला सूज बहुतेकींना येते. पण चेहरा सुजला, बोटातली अंगठी एकदम निघेनाशी झाली, डोकं असं दुखतंय की गोळी घेऊनही थांबत नाही, डोळ्यासमोर काजवे चमकतायत, बरगडीखाली उजव्या बाजूला दुखतंय, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. हे प्रीएक्लॅम्पसिया असू शकतं, त्यात बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जातं, आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर झटके येतात. दर तपासणीला बीपी आणि लघवी का बघतात तर याच्यासाठी, म्हणून तपासणी चुकवायची नाही. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून सुरू आहे, आपल्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या ताई गरोदर असतील तर त्यांना हे आवर्जून सांगा.

आणि खाज. याच्यावर जरा जास्त बोलणार आहे कारण हे आमच्या घरात झालंय. माझ्या वहिनीला छत्तिसाव्या आठवड्यात रात्री तळहात आणि तळपाय खाजायला लागले. पोट ताणलं की पोटावर खाज येते ती वेगळी, इथे हातावर पायावर पुरळ नाही, लाली नाही, काही म्हणजे काही दिसत नाही, पण खाज इतकी की ती कंगव्यानं तळपाय ओरबाडत बसायची. सगळ्यांनी सांगितलं उष्णता आहे. खोबरेल झालं, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं, सब्जा झाला, यात चार रात्री गेल्या. पाचव्या दिवशी ती तपासणीला गेली, आणि निघताना सहज बोलावं तसं बोलली म्हणून, नाहीतर तेही राहिलं असतं. डॉक्टरांनी लगेच रक्त काढायला सांगितलं. पित्तरस वाढला होता.

होतं काय, की गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे काही बायकांच्या लिव्हरमधून पित्त नीट वाहून जात नाही, त्यातली आम्लं रक्तात साठतात. खाज त्याची, आणि ती रात्री वाढते. आईला त्याचा त्रास खाजेपुरताच, बाळंत झाल्यावर तो जातो. पण रक्तातलं प्रमाण खूप वाढलं, लिटरला १०० मायक्रोमोलच्या वर गेलं, तर बाळ अचानक पोटात दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून दिवस पूर्ण भरायची वाट न बघता बाळंतपण करतात. हे आपल्या लोकांमध्ये जास्त दिसतं बरं का. ब्रिटनमध्ये हजारात साधारण ७ गरोदर बायकांना होतं, पण तिथल्या भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या बायकांमध्ये हजारात १२ ते १५ जणींना. वहिनीच्या कळा सदतिसाव्या आठवड्यात औषध देऊन सुरू केल्या, बाळ बाळंतीण दोघं छान. पण त्या चार रात्री आठवल्या की मला अजून कसंतरी होतं. खाज ही काय डॉक्टरला सांगायची गोष्ट, असं वाटून किती जणी गप्प बसत असतील.

बाळाची हालचाल. "शेवटी शेवटी जागा कमी पडते ना, म्हणून बाळ हलायचं कमी होतं" हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल आणि ते चुकीचं आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, आधी फाडकन लाथ बसायची त्याच्याऐवजी आता सरकल्यासारखं, लोळल्यासारखं, पोटाच्या एका बाजूला टेंगूळ आल्यासारखं होतं, पण हलणं कमी व्हायला नको. बाळ झोपतं, एका वेळी २० ते ४० मिनिटं, तासदीड तासाच्या वर सहसा नाही. माझी आई दुधाचा हिशोब लिहिते त्याच भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रात्री जेवणानंतर कुशीवर पडून रेघा मारायचे, चार उभ्या आणि पाचवी आडवी. दोन तासांत १० झाल्या की झालं, माझ्या बऱ्याचदा अर्ध्या तासातच व्हायच्या. उचकी यात मोजायची नाही, ती ठेक्यात येते, टक टक टक, कळतं लगेच. पण खरी गोष्ट आकड्याची नाहीये, आपल्या बाळाची रोजची पद्धत आपल्याला माहीत असण्याची आहे. रोज नऊ वाजता दंगा घालणारं बाळ आज नऊला गप्प, दहाला गप्प, तर सरळ हॉस्पिटलला जायचं. गोड खाऊन बघू, गार पाणी पिऊन बघू, सकाळी बघू, असं करायचं नाही. जाऊन काही निघालं नाही तर उत्तमच.

रात्री मी त्याच्याशी हळू आवाजात बोलायचे पण, आणि ते वाया जात नाही. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या १० बाळांना एक खास चोखणी दिली, एका पद्धतीनं चोखलं की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या पद्धतीनं परक्या बाईचा. बाळं आईचा आवाज लागेल असं चोखायला शिकली. म्हणजे पोटात असतानाच त्यांनी तो ऐकून ठेवला होता.

तारखेचं एक सांगते, कारण तारीख उलटली की घरातला प्रत्येक फोन "काही झालं का?" असाच सुरू होतो. आपण म्हणतो नऊ महिने नऊ दिवस. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि सात दिवस धरतात, नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरच्या नावानं हा नियम ओळखला जातो. म्हणजे आपली म्हण फक्त दोन दिवसांनी चुकली! पण नेमक्या त्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. ३७ ते ४२ आठवडे असा तो सगळा पट्टा आहे, तारीख म्हणजे साधारण मधला एक खांब. त्यामुळे तारीख उलटली तर रडू नका, फक्त तपासण्या जवळ जवळ करायला लागतात तेवढ्या करा.

आणि कळा. पोट दगडासारखं घट्ट होतं, अर्धा मिनिट तसंच राहतं आणि सुटतं. याला खोट्या कळा म्हणतात, जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरनं १८७२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. मला "खोट्या" हा शब्द आवडत नाही, पिशवीचे स्नायू खरंच आवळत असतात, फक्त सगळे एका तालात नसतात. शेवटच्या आठवड्यांत पिशवीच्या पेशी एकमेकींना जोडल्या जातात म्हणजे एकीचा इशारा सगळ्यांना पोचतो, आणि ऑक्सिटोसिन हार्मोनला प्रतिसाद देणारी ठिकाणं पेशींवर खूप वाढतात. हे ऑक्सिटोसिन म्हणजे तेच, ज्याचं इंजेक्शन कळा वाढवायला देतात. १९०६ मध्ये हेन्री डेल या इंग्रज शास्त्रज्ञाला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्कानं गर्भपिशवी आकुंचन पावते हे दिसलं, आणि १९५३ मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं, १९५५ चं नोबेल त्यांना मिळालं.

रात्रीच का पण? आजी म्हणायची कळा अंधाराला येतात. अंधार पडला की मेंदूतून मेलॅटोनिन सुटतं, झोपेचं हार्मोन, आणि गर्भपिशवीच्या स्नायूंवर पण त्याला ओळखणारी ठिकाणं असतात. प्रयोगशाळेत मानवी पिशवीच्या पेशींना मेलॅटोनिन आणि ऑक्सिटोसिन एकत्र दिलं तर त्या जास्त जोरात आवळतात. दिवस भरत आलेल्या बायकांवर रात्री प्रखर उजेड टाकून बघितला तर मेलॅटोनिन खाली आलं आणि आकुंचनंही कमी झाली.

खऱ्या कळा ओळखायला घड्याळ लागतं. उठून चाललं, कूस बदलली, पाणी प्यायलं आणि थांबल्या तर अजून वेळ आहे. थांबत नाहीयेत, जवळ जवळ येतायत, जोर वाढतोय, पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर, तर निघायचं. पाणी गेलं, लाल रक्त गेलं किंवा ३७ आठवड्यांच्या आधीच कळा नियमित यायला लागल्या तर तासभर पण थांबायचं नाही. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८. आणि हॉस्पिटल लांब असेल तर हा सगळा हिशोब आधीच करून ठेवायचा, पहिलटकरणीला बहुतेक वेळ मिळतो पण दुसऱ्या खेपेला सगळं भराभर होतं.

माझ्या सुरू झाल्या दोन वाजता. मी कोणाला उठवलं नाही, मोबाईलवर वेळ लिहीत बसले, २.१०, २.२२, २.३१, मग पाणी प्यायले, अंगणात दहा फेऱ्या मारल्या, तरी येतच होत्या. चारला आईला उठवलं. तिनं दिवा लावला नाही, नुसती शेजारी येऊन बसली आणि माझ्या कमरेवर हात ठेवला, आणि कळ आली की पुटपुटत आकडे मोजायची. पावणेपाचला म्हणाली, आता कळ येईल तेव्हा मला तुझा मोबाईल नंबर सांग. कळ आली. मी चार आकडे सांगितले आणि पुढचा आकडा तोंडातून निघेना. ती उठली आणि वडलांना म्हणाली, गाडी काढा.