फेकलेल्या बुटामागची गोष्ट

नवऱ्याची दारू सुटली की घर आपोआप सावरतं, असं आपण धरून चालतो. लोइस विल्सन यांनाही तसंच वाटलं होतं. त्यांचे पती बिल यांची दारू डिसेंबर १९३४ मध्ये सुटली. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात डॉ. बॉब स्मिथ यांच्यासोबत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए सुरू केलं: दारू सोडू पाहणाऱ्यांनी मीटिंगांमधून एकमेकांना आधार देण्याची चळवळ. त्याआधीची कित्येक वर्षं लोइस दुकानात नोकरी करून घर चालवत होत्या, नवऱ्याला सांभाळत होत्या.

एकदा बिल म्हणाले, चल, मीटिंगला उशीर होतोय. लोइसनी हातातला बूट त्यांच्या दिशेने भिरकावला. खड्ड्यात गेल्या तुझ्या मीटिंगा! नवरा शुद्धीवर असताना एवढा संताप कुठून आला, हे त्यांनाच कळेना. मग लक्षात आलं: आपल्याला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते या परक्या माणसांनी करून दाखवलं, हे सलत होतं. त्यात १९३९ साली एएचं पुस्तक निघालं. पत्नींसाठीचं प्रकरण त्यात पत्नींच्याच तोंडी आहे, पण लिहिलं बिल यांनी! लोइसना ते लागलं, आणि लागणारच.

पुरुषांच्या मीटिंगा चालायच्या तेव्हा बायका कॉफी करत बोलत बसायच्या. त्या बोलण्यातूनच ठिकठिकाणी गट उभे राहिले. १९५१ मध्ये लोइस आणि त्यांच्या शेजारची मैत्रीण ॲन बी. यांनी अशा ८७ ठिकाणी पत्रं धाडली, आणि त्यातून मद्यपींच्या घरच्यांसाठीचं अल-अनॉन आकाराला आलं. दारूतून सावरण्यासाठीच्या एएच्या बारा पायऱ्या त्यांनी जशाच्या तशा घेतल्या. बाराव्या पायरीत फक्त ‘मद्यपी’च्या जागी ‘इतर’ आलं. मुलांसाठीचं अलाटीन १९५७ चं.

आपल्याकडे पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (स्थापना १९८६) व्यसनी माणसांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट चालतो.

अल-अनॉनमध्ये वारंवार कानावर पडणारी तीन वाक्यं आहेत: हे मी ओढवलेलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही, मला ते बरं करता येणार नाही. ऐकायला कठोर वाटतात. पण जिने बाटल्या मोरीत ओतल्या, तांदळाच्या डब्यात पैसे लपवले, ‘त्यांना ताप आहे’ म्हणून ऑफिसात खोटे फोन केले, तिला त्यातलं पहिलं वाक्यच पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं.