टीव्हीतले आजोबा घरचे कसे होतात?

आमच्या आईला इंग्रजी फारसं कळत नाही, पण बीबीसीवर प्राण्यांचे, निसर्गाचे कार्यक्रम सांगणारे ब्रिटिश निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो, त्यांचा आवाज ती स्वयंपाकघरातून ओळखते, कुकरची शिट्टी चालू असली तरी. "लागले का तुझे आजोबा?" म्हणत पदराला हात पुसत बाहेर येते आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसते. त्यांचा आवाज बारीक झाला की तीपण गप्प होते, कारण आता काहीतरी होणार हे तिला शब्दांशिवायच कळलेलं असतं. आणि मला कित्येक दिवस हाच प्रश्न पडलाय की ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही, ज्याला आपण आहोत हेसुद्धा माहीत नाही, त्याचं नाव अचानक बातम्यांत दिसलं की आपल्या पोटात धस्स का होतं?

याचा अभ्यास बराच जुना आहे. १९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एक निबंध लिहिला, टीव्ही तेव्हा नुकताच घराघरात शिरत होता. त्यांचं म्हणणं असं की पडद्यावरचा माणूस कॅमेऱ्यात बघून साध्या गप्पांच्या सुरात बोलतो, ठरलेल्या वेळी परत परत येतो, आणि बघणाऱ्याला हळूहळू तो खरंच ओळखीचा वाटायला लागतो. याला त्यांनी पॅरासोशल नातं म्हटलं, म्हणजे एका बाजूनेच असलेली ओळख. यात वेडेपणा काही नाही, आपल्याकडे बघून कोणी बोललं तर तो समोर बसलाय असं मेंदू धरून चालतो, आणि टीव्ही तर अगदी कालपरवाचा, त्याची मेंदूला सवय कुठली. जॉन लोगी बेअर्डने लंडनमध्ये टीव्ही पहिल्यांदा लोकांना करून दाखवला तो जानेवारी १९२६ मध्ये आणि अ‍ॅटनबरो जन्मले ८ मे १९२६ ला, दोघं एकाच वर्षाचे.

त्यात सवयीचाही भाग आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते, अगदी अर्थ न कळणारी अक्षरंसुद्धा. अ‍ॅटनबरो १९५४ पासून पडद्यावर आहेत, तेही योगायोगाने, कारण 'झू क्वेस्ट' नावाच्या कार्यक्रमात बोलणार होते लंडन झूचे जॅक लेस्टर, ते आजारी पडले आणि निर्माता असलेल्या अ‍ॅटनबरोंना कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागलं. त्याआधी बीबीसीतल्याच एका वरिष्ठ बाईंनी यांचे दात फार मोठे आहेत, यांना पडद्यावर नको, असं ठरवलं होतं.

पण नुसत्या सवयीने एवढं प्रेम मिळत असतं तर रोज टीव्हीवर दिसणारा प्रत्येक जण आपला आजोबा झाला असता ना. मला वाटतं खरं कारण दुसरंच आहे. साधारण नऊ महिन्यांपासून वर्षाच्या आतबाहेर बाळ एक नवीन गोष्ट शिकतं, आई जिकडे बघते तिकडे बघायचं, स्वतः बोट दाखवायचं, आणि परत वळून आईकडे बघायचं की तिलाही दिसलं का. याला जॉइंट अटेन्शन म्हणतात, आपण "तो बघ काऊ" म्हणतो तेच. मोठ्या माणसांवरच्या प्रयोगांतही दिसलंय की दोघांनी एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष दिलं की त्यांना एकमेकांबद्दल जवळीक वाटते. आणि अ‍ॅटनबरो सत्तर वर्षं काय करतायत, तर तो बघ काऊ! ते स्वतःकडे बघा म्हणत नाहीत. ते वाकून मुंगीकडे बघतात, मग वळून आपल्याकडे, मग परत मुंगीकडे, आणि आपण नकळत त्यांच्या शेजारी जाऊन बसलेले असतो.

१९७८ चा रवांडातला प्रसंग बघा, 'लाइफ ऑन अर्थ' या त्यांच्या मालिकेसाठी शूट केलेला. ठरलं होतं असं की गोरिलांच्या जवळ बसून अंगठ्याच्या पकडीबद्दल बोलायचं, उत्क्रांतीत अंगठा का महत्त्वाचा वगैरे. ते झालंच नाही, कारण गोरिलाच त्यांच्याजवळ आले, पिल्लं अंगावर चढली, बुटांशी खेळायला लागली, आणि यांनी अंगठ्याचं भाषण सोडून कुजबुजत्या आवाजात एवढंच सांगितलं की गोरिलाशी नजरानजर होते तेव्हा जितकं एकमेकांना समजल्यासारखं वाटतं तितकं दुसऱ्या कुठल्या प्राण्याबरोबर वाटत नाही. तो चेहरा खोटा करता येत नाही हो. तिथल्या डोंगरात गोरिलांवर काम करणाऱ्या डायन फॉसी यांनी त्यांना मदतीची गळ घातली, अ‍ॅटनबरोंनी इंग्लंडला परतल्यावर तो निरोप संवर्धन संस्थेकडे पोचवला, त्यातून पैसे उभे राहिले. १९८० च्या सुमारास त्याच, म्हणजे विरुंगाच्या डोंगरात अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते, २०१५-१६ च्या गणनेत ६०४ भरले. श्रेय मुख्यतः तिथल्या वनरक्षकांचं आणि प्राण्यांच्या डॉक्टरांचं, काहींनी त्यात जीव गमावलाय.

शास्त्रज्ञांचं प्रेम वेगळ्या पद्धतीने दिसतं, ते नाव देतात. चाळीसहून जास्त जीवांना अ‍ॅटनबरोंचं नाव आहे. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते ऑरोरालुमिना अ‍ॅटनबरोई, ५६ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्री जीव, जेलीफिशच्या नात्यातला, सगळ्यात जुन्या शिकारी प्राण्यांपैकी एक. २०२२ मध्ये नाव मिळालं. तो सापडला इंग्लंडच्या चार्नवुड जंगलात, आणि लहानपणी अ‍ॅटनबरो जवळच्या लेस्टरलाच राहायचे, जीवाश्म गोळा करत हिंडायचे, पण चार्नवुडला जायचे नाहीत कारण तिथले खडक इतके जुने की त्यात जीवाश्म असणंच शक्य नाही असं तेव्हा सगळे मानायचे!

आता अवघड प्रश्न, या प्रेमाने निसर्गाचं काही भलं होतं का? 'प्लॅनेट अर्थ २' या त्यांच्या मालिकेवर एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की एपिसोडनंतर लोक त्या त्या प्राण्याचं विकिपीडिया पान शोधत जातात, पण संवर्धनाबद्दलचा मजकूर निवेदनात जेमतेम ६ टक्के होता. 'ब्लू प्लॅनेट २' या त्यांच्या समुद्रावरच्या मालिकेवरच्या प्रयोगात तर एपिसोड बघितलेल्यांची समुद्राबद्दलची माहिती वाढली, पण खाण्यापिण्याच्या वस्तू निवडताना प्लास्टिक टाळणं काही वाढलं नाही. हे वाचून मला वाईट वाटलं, पण खरं ते खरं. माहिती आणि सवय यांच्यात अंतर असतं, आणि ते एका तासाच्या कार्यक्रमाने पार होईल ही अपेक्षाच जास्त आहे. तरी मला वाटतं पहिलं पाऊल नजरच आहे, जे कधी बघितलंच नाही त्याच्यासाठी कोण भांडणार?

'प्लॅनेट अर्थ २' चा शेवटचा भाग शहरांवर आहे आणि त्यात आपली मुंबई आहे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे बिबटे, रात्री इमारतींच्या कडेने डुकरांच्या मागावर, अंधारातही बघू शकणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलेले. आम्ही ठाण्याचे, येऊरचा डोंगर गॅलरीतून दिसतो आणि तो त्याच जंगलाचा भाग. आईने तो सीन श्वास रोखून बघितला, एक शब्द बोलली नाही, आणि संपल्यावर उठून गॅलरीत जाऊन अंधारात डोंगराकडे बघत उभी राहिली. मी पण गेलो. काही दिसत नव्हतं, पण ती म्हणाली, "तिकडे असेल बघ."