शाळेतली आरोग्य आणि अभ्यास-तपासणी: संमतीपत्रावर सही करण्याआधी

पालकांनो, नमस्कार.

शाळेतून तपासणीचे संमतीपत्र घरी आले असेल. सही करण्याआधी हे पत्रक वाचा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही वाचून दाखवा. नातवंड टीव्हीपुढे कसे बसते, हाक मारल्यावर कोणत्या बाजूला वळते, हे बरेचदा त्यांनाच आधी दिसलेले असते.

आम्ही इंदूरच्या राजेंद्रनगर भागातले छोटे तपासणी केंद्र चालवतो. शाळेत येऊन पहिली ते आठवीच्या मुलांची नजर, कान, हिमोग्लोबिन, उंची-वजन, दात आणि वाचन-लेखन पाहतो. ही चाळणी आहे, निदान नव्हे. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडाच असतो असे नाही, कधी चांगला टपोरा दाणाही वर राहतो. म्हणून अहवालात ‘पुढे दाखवा’ असे आले तर घाबरू नका, पण कागद कपाटातही ठेवून देऊ नका.

आमचा क्रम ठरलेला आहे: आधी डोळे, मग कान, आणि वाचन सर्वांत शेवटी. यामागे घरातलीच गोष्ट आहे. आमची मुलगी तिसरीत होती. वाचताना ओळ सुटायची, फळ्यावरून उतरवताना शब्द गाळायची. ‘लक्ष नसते’ असा शेरा वर्षभर वहीत येत राहिला. आम्ही शिकवणी लावली, ओरडलोही. एका रविवारी पोहे खाता खाता खेळ म्हणून तिच्या डाव्या डोळ्यावर स्टीलची वाटी धरली, तर तिने ती झटकन ढकलली. उजव्या डोळ्यावर धरली, तर शांत बसली. उजव्या डोळ्याने तिला जवळजवळ दिसतच नव्हते, आणि ते तिलाही माहीत नव्हते, कारण जग असेच दिसते असे तिला वाटायचे. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हा त्यावरचा उपाय. सात-आठ वर्षांच्या आत सुरू केला तर गुण उत्तम येतो. आम्ही उशिरा पोचलो. तिची नजर सुधारली, पण पूर्ण आली नाही.

म्हणूनच आम्ही प्रत्येक डोळा वेगळा तपासतो. जमिनीवर सहा मीटरवर टेप चिकटवलेला असतो, समोर अक्षरांचा तक्ता. हा तक्ता स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी १८६२ मध्ये तयार केला आणि तो अजूनही वापरात आहे. अक्षरे न येणाऱ्या छोट्यांना इंग्रजी ‘ई’चे पाय कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायला सांगतो. डोळा मुलाच्या तळहाताने झाकू देत नाही, कारण मुले बोटांच्या फटीतून हमखास बघतात. रांग खोलीबाहेर उभी करतो, नाहीतर तिसऱ्या मुलाला तक्ता पाठ झालेला असतो.

कानांसाठी शाळेतली सर्वांत शांत खोली मागतो, बहुतेक ग्रंथालयाची, आणि पंखा बंद करतो. उन्हाळ्यात मुले घामाघूम होतात, त्याबद्दल माफ करा. पंख्याच्या घरघरीत ही तपासणी होऊच शकत नाही. हेडफोनमधून १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचा बारीक आवाज येतो, २० डेसिबल इतका हळू. ऐकू आला की मुलाने एक मणी वाटीत टाकायचा. मणी पडला नाही तर बहुधा कानात मळ असतो, किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचलेले असते. अशा मुलाला एका आठवड्यात नीट ऐकू येते, पुढच्या आठवड्यात कमी, आणि वर्गात ते ‘मनात असेल तेव्हाच ऐकते’ असे ठरते. या मुलांना आम्ही काही आठवड्यांनी पुन्हा तपासतो, मगच कानाच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

हिमोग्लोबिनसाठी बोटाला सुई टोचावी लागते. तुमची वेगळी सही असल्याशिवाय आम्ही सुई काढत नाही. ५ ते ११ वर्षांच्या मुलांत ११.५ ग्रॅमच्या खाली आणि १२ ते १४ वयात १२ च्या खाली आले तर रक्त कमी आहे असे धरतात. लोह कमी पडले की मूल दमते, चिडते, लक्ष लागत नाही, आणि दोष अभ्यासाला लागतो. गोळ्या मनाने सुरू करू नका, डॉक्टरांना विचारा. घरात मात्र एवढे आजपासून करा: पोह्यांवर लिंबू पिळा, आणि नाश्त्याबरोबरचा चहा बंद करा. लिंबाने लोह अंगी लागते, चहाने अडते.

उंची, वजन, दात यांची नोंद कार्डावर मिळेल.

वाचनाच्या तपासणीत धड्यातला उतारा देत नाही. हुशार मूल तो पाठ म्हणून दाखवते. ‘टमुक’, ‘लेपाग’ असे अर्थ नसलेले शब्द देतो. मग आवाजाचे खेळ. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरले? ‘नगर’मधला ‘न’ काढला तर? डिस्लेक्सियात अक्षर आणि आवाज यांची गाठ बसायला त्रास होतो; बुद्धीशी त्याचा संबंध नाही.

आता आपल्या मराठी घरांचा खास प्रश्न. मूल घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी लिहिते. हिंदीच्या वहीत ‘शक्ती’, ‘कवी’, ‘साधू’ लिहिले की लाल गोल पडतो, कारण हिंदीत ‘शक्ति’, ‘कवि’, ‘साधु’, आणि मराठीत शेवटची वेलांटी किंवा उकार दीर्घ. ‘कमल’च्या जागी ‘कमळ’ लिहिणे हेही तसेच. हा आजार नाही, ही आपली भाषा आहे, आणि आम्ही अशा चुका मोजत नाही. दोन्ही भाषांत अक्षरे गळत असतील, जोडाक्षर दर वेळी अडत असेल, नवा शब्द फोडताच येत नसेल, तर मात्र पुढे पाहायला हवे. पहिलीतल्या मुलाने इंग्रजी ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिले, तर घाई करू नका. नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाची तपासणी आणली, ती हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. तज्ज्ञांकडे गेलात तर घरच्या भाषेतही तपासा असा आग्रह धरा.

२०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या अडचणींचा, समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळण्यासाठी सरकारी प्रमाणपत्र लागते. ते आम्ही देत नाही. ‘आम्ही मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका.

मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, तर आम्हालाही पैसे देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ही तपासणी मोफत होते. मुख्याध्यापकांना पथक कधी येणार ते विचारा.

अहवाल बंद पाकिटात फक्त तुमच्या हाती देतो, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कधीच नाही. बाईंना काही सांगायचे असेल, जसे ‘याला पहिल्या बाकावर बसवा’, तर तुम्हाला विचारूनच.

तपासणीच्या दिवशी मुलाला खाऊन पाठवा. चष्मा असेल तर दप्तरात न ठेवता डोळ्यांवर असू द्या. सर्दी किंवा कान दुखत असेल तर चिठ्ठीत लिहा, त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी घेऊ.